पालथ्या बाथटबाखालचे आठ संगणक

"मी नाही हात लावणार! शी! याला डुकराच्या खाण्याचा वास येतोय!" ऑगी नाक दाबून ओरडला.

"येणारच. त्यात डुकराचंच खाणं होतं," ओटिस म्हणाला. "नखरे पुरे. धर तिकडचं टोक!"

ईस्ट कॉर्बिन गावच्या कचरा डेपोत, भंगाराच्या ढिगाजवळ, एक भलामोठा लोखंडी बाथटब पालथा पडला होता. सुट्टीचा पहिलाच शनिवार होता. मेपलच्या झाडांना डबे टांगायचे दिवस आले होते आणि ओटिसच्या आजोबांना पाकासाठी झाडांचा रस साठवायला मोठं भांडं हवं होतं. तेरा वर्षांच्या ओटिस कोबर्नला भंगारातली कुठलीही वस्तू कामाची वाटायची. बाथटब बघून तर त्याचे डोळे लकाकले होते.

"यात रस साठवणार?" दहा वर्षांच्या ऑगीचं तोंड वाकडं झालं. "मग या वर्षी मी पाक खाणार नाही. एक थेंबसुद्धा नाही!"

"बरंच झालं, तुझा वाटा मला," त्याची बहीण लिडी म्हणाली आणि तिनं मफलर नाकावर ओढला. लिडी बेनवा बारा वर्षांची होती आणि तिला या सगळ्या डेपोचीच किळस यायची. इथला चिखल, उष्ट्याखरकट्याचे डबे, कावळे! त्याहून किळस यायची ती डेपोवाल्या लाइल बुशींची. आज फाटकातच त्यांनी "काय पोरांनो!" म्हणत हात पुढे केला होता. त्यांच्या हातमोज्याला काहीतरी हिरवट, चिकट लागलेलं होतं. लिडीनं दोन्ही हात झटकन खिशात घातले होते आणि नुसती मान हलवली होती.

"एक, दोन, तीन!"

तिघांनी जोर लावला. बाथटब कलंडला. वासाचा असा भपकारा आला की ऑगी दोन पावलं मागे धडपडला. पण लिडी जागची हलली नाही.

टबाखाली आठ संगणक होते. काळे, कोरडे, नीट एकावर एक रचलेले. पडदे एका बाजूला, वायरी गुंडाळून दुसऱ्या बाजूला. प्रत्येकावर वाचनालयाचा पिवळा कागद चिकटवलेला आणि त्यावर नंबर.

"हे आपल्या वाचनालयातले!" ऑगी ओरडला. "पण पंचमंडळाचे मिस्टर स्टो म्हणाले होते की ते ट्रकनं मोठ्या शहरात गेले! नीट मोडून, वेगवेगळं करून..."

"थांब," लिडी म्हणाली. ती पाच नंबरच्या संगणकापुढे गुडघ्यांवर बसली. त्याच्या बटणाजवळ लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. बटणावरचं चिन्ह पुसलं गेलं तेव्हा तो ठिपका आईनं लावला होता. लिडी शेजारीच गृहपाठ करत बसली होती, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

लिडीची आई वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं, उचलायचं, भरवायचं काम करायची. तिला परिचारिका व्हायचं होतं. रोज पाचला काम संपलं की ती वाचनालयात येऊन पाच नंबरवर बसायची आणि कॉलेजचे धडे सोडवायची. घरी, टेकडीवर, इंटरनेट पोचतच नव्हतं. फोनवर कॉलेजची परीक्षा उघडत नव्हती. शेवटची परीक्षा बुधवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती, नाहीतर सबंध वर्ष फुकट. आणि शुक्रवारी वाचनालयाच्या दारावर सूचना लागली होती: 'सर्व संगणक निकामी झाले आहेत. खोली बंद.' दुसरं वाचनालय अडतीस मैलांवर होतं आणि ते तर पाचलाच बंद व्हायचं. काल आईनं ती सूचना दोनदा वाचली होती.

"निकामी झालेल्या वस्तूच्या वायरी इतक्या प्रेमानं कोण गुंडाळून ठेवतं?" ओटिस म्हणाला.

"मी," मागून आवाज आला.

लाइल बुशी उभे होते, तोच हिरवट हातमोजा कमरेवर ठेवून.

"काल फाटक बंद झाल्यावर कुणीतरी ढिगावर फेकून गेलं. रात्री पाऊस येणार होता. म्हणून रचले आणि वर टब घातला."

"कुणी फेकले?" लिडीनं विचारलं.

"फाटकाची किल्ली दोघांकडे असते. एक माझ्याकडे." म्हातारा खाली थुंकला. "दुसरी कुणाकडे ते सांगणं माझं काम नाही."

दुसरी किल्ली गावचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या प्रमुखांकडे असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे हार्लन स्टो!

"आम्ही हे नेऊ का?" ओटिसनं घाईघाईनं विचारलं.

"भंगारातून काही नेता येत नाही. नियम आहे." लाइल बुशींनी डोकं खाजवलं. "न्या-ठेवाच्या शेडमधलं मात्र कुणीही काहीही न्यावं."

न्या-ठेवाची शेड म्हणजे गावानं नको असलेल्या पण चांगल्या वस्तू ठेवायची जागा. ती तिथून चार पावलांवर होती. म्हाताऱ्यानं पाच नंबर उचलला, चार पावलं चालून शेडच्या फळीवर ठेवला आणि परत दुसरा उचलायला आला. आठही हलवून झाल्यावर तो कावळ्यांना हाकलायला निघून गेला.

*

पाकाच्या शेडमध्ये आजोबांची भट्टी धगधगत होती. रस आटत होता, सगळीकडे गोड वाफ होती. आजोबांनी संगणकांसाठी वाफेपासून लांबचा कोपरा झाडून दिला आणि पुन्हा भट्टीकडे वळले.

ओटिसनं एकेक संगणक लावून पाहिला. एक नंबर सुरू! दोन सुरू! तीन मेलेला. चार सुरू, पाच सुरू, सहा सुरू. सातमधून जळका वास आला. आठ सुरू! आठांपैकी सहा ठणठणीत!

सहाही पडद्यांवर एकच निरोप होता: 'हा संगणक नव्या आवृत्तीसाठी योग्य नाही. कृपया नवा संगणक घ्या.'

"बास? एवढंच?" लिडी म्हणाली. "म्हणजे हे मेले नाहीत. जुन्या सिस्टिमची देखभाल बंद झाली, नवी यांच्यावर चढत नाही आणि म्हणून यांना डुकराच्या टबाखाली झोपवलं? शी!"

आता तिला खरी किळस आली होती. टबाचा वास अंगाला चिकटला होता, तो साबणानं गेला असता. पण चांगली चालती वस्तू उकिरड्यावर फेकायची, वर सगळ्या गावाला 'नीट विल्हेवाट लावली' म्हणून सांगायचं, याचा वास कसा जायचा?

"लिडी, इकडे बघ!" ऑगी एक नंबरसमोर बसला होता. "यांनी काहीच पुसलेलं नाही. सगळ्यांच्या फाइली तशाच आहेत! मिसेस ऑर्डवेंचे दवाखान्याचे कागद, कुणाचातरी नोकरीचा अर्ज... आणि ही बघ!"

पडद्याच्या मधोमध एक फाइल होती. तिचं नाव होतं 'गुप्त – चषकांची खोली'. तारीख बारा जानेवारी.

"उघड!" ओटिस पुढे सरसावला.

"हात लावशील तर बघ!" लिडीनं त्याच्या मनगटावर चापट मारली. "दुसऱ्याचं पत्र आहे ते."

"अगं, पण त्यात पुरावा असेल!"

"असू दे. लोकांच्या फाइली उघड्यावर टाकणारे ते. आपण त्या वाचणारे झालो, तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? बंद कर."

ओटिसनं कुरकुरत एक नंबर बंद केला. पण फाइलीचं नाव आणि तारीख तिघांच्याही डोक्यात पक्की बसली.

"आपण यांच्यावर लिनक्स घालू," ओटिस म्हणाला. "फुकट असतं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. त्यात जुन्या, अशक्त संगणकांसाठी हलके प्रकार असतात. अडचण एकच. शेकडो प्रकार आहेत!"

*

रविवारी वाचनालय बंद असलं तरी त्याचं वायफाय बंद नसतं. बाहेरच्या आवारात नेहमीप्रमाणे चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीत कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं. आजोबांच्या गाडीत तिघं दाटीवाटीनं बसली होती. मांडीवर ओटिसच्या मोठ्या बहिणीचा लॅपटॉप होता. ती दुपारी कॉलेजला परत जाणार होती, तोवरच तो त्यांचा होता. तीन पेन ड्राइव्ह, तीन सिस्टिमा. पेन ड्राइव्ह लावून सिस्टिम नुसती चालवून बघता येते, संगणकातल्या कशालाही धक्का लागत नाही, हे ओटिसनं दहा वेळा सांगून झालं होतं.

शेडमध्ये परतल्यावर परीक्षा सुरू झाली. आजोबांचं पाकाची वेळ मोजायचं घड्याळ ऑगीच्या हातात.

पहिली सिस्टिम ऑगीनं निवडलेली. तिचं नाव त्यानं ठेवलं मोर. चार मिनिटं अकरा सेकंदांनी पडदा उजळला, पण काय उजळला! निळे-जांभळे डोंगर, खिडक्या उघडताना नाचत होत्या!

"हीच! हीच घ्यायची!" ऑगी उड्या मारू लागला.

शेडमध्ये वायफाय नव्हतं, म्हणून लिडीनं आजोबांचा फोन वायरनं जोडला आणि कॉलेजचं पान उघडायला घेतलं. संगणकाचा पंखा घरघरला. खिडकी अर्धी नाचली आणि तिथंच गोठली.

"दोन जीबी मेमरी आहे बिचाऱ्याची," ओटिस म्हणाला. "नाचण्यातच संपली. आता माझी बघा!"

ओटिसच्या सिस्टिमला लिडीनं सांगाडा म्हटलं. ती एकोणीस सेकंदांत आली! काळा पडदा, कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं, बाकी काही नाही. ओटिस टकाटक आज्ञा टाइप करू लागला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"बघ, एक थेंब मेमरी वाया नाही! सगळं आपल्या हातात!"

"माझी आई रोज दहा तास माणसं उचलून येते," लिडी म्हणाली. "तिचे डोळे मिटत असतात. ती ही मुंगीची अक्षरं वाचणार? आणि या आज्ञा पाठ करणार?"

"शिकेल की! सोपं आहे!"

"तुला सोपं आहे! ओटिस, आपण संगणक कोणासाठी निवडतोय? तुझ्यासाठी की तिच्यासाठी?"

ओटिसनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. भट्टीत लाकूड तडतडलं. आजोबा पाक ढवळता ढवळता हसले, पण मध्ये पडले नाहीत.

लिडीनं एक फळी घेतली आणि कोळशानं तिच्यावर लिहिलं. कॉलेजचं पान उघडलं पाहिजे. धड्यातली चित्रफीत चालली पाहिजे. अक्षरं मोठी करता आली पाहिजेत. वाचनालयाचा म्हातारा प्रिंटर चालला पाहिजे. आणि आईला काहीही न शिकवता सगळं सापडलं पाहिजे!

तिसऱ्या सिस्टिमच्या कोपऱ्यात उंदराचं छोटं चित्र होतं. अठ्ठेचाळीस सेकंद! साधा करडा पडदा, खाली एक पट्टी, ओळखीची चित्रं. पुन्हा आजोबांचा फोन वायरनं जोडला. शेड टेकडीच्या उताराला होती, फोनला दोनच काड्या येत होत्या, पण कॉलेजचं पान उघडलं! चित्रफीत अडखळत का होईना, चालली. अक्षरं बोटभर मोठी झाली. प्रिंटरच्या यादीत वाचनालयाच्या प्रिंटरचं नाव सापडलं तेव्हा ऑगीसुद्धा ओरडला.

"उंदीर!" लिडी म्हणाली.

"उंदीर," ओटिसनं मोठ्या मनानं मान्य केलं. "पण सांगाडा जास्त वेगवान होता!"

"माझा मोर सगळ्यात सुंदर होता!" ऑगी म्हणाला आणि दोघांनी त्याला गप्प केलं.

पाच नंबरमध्ये आईचे जुने धडे होते. ते लिडीनं न उघडता पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मगच उंदीर कायमचा बसवला. बाकीच्यांना कुणी हात लावला नाही.

*

मंगळवारी गावसभा होती. शाळेच्या मोठ्या खोलीत सारं गाव जमलं होतं. मागच्या टेबलांवर बीन्सची भांडी आणि डोनट मांडले होते. वर्षातून एकदा गावातला प्रत्येक मतदार इथं येतो, उठून बोलतो आणि हात वर करून ठरवतो. रस्त्याची खडी असो नाहीतर कुत्र्यांचा कर, सगळं इथंच.

चौदावा ठराव आला. वाचनालयाची संगणकांची खोली स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांच्या, क्लबला चषक मांडायला द्यावी.

हार्लन स्टो उभे राहिले. गळ्यात क्लबचा लाल मफलर. "मित्रहो, तुम्हाला माहीतच आहे. तज्ज्ञ आले, तपासून गेले. आठही संगणक निकामी! त्यांची आपण नियमाप्रमाणे विल्हेवाट लावली. आता रिकामी खोली धूळ खात ठेवायची, की गावाची शान तिथं मांडायची?"

 लिडीच्या शेजारी आई बसली होती, कामाच्या कपड्यांत, दोन तासांची रजा घेऊन. तिला पोरांच्या उद्योगाचा पत्ताच नव्हता. लिडी उठली.

"मला बोलायचंय!"

"लिडी, खाली बस!" आई दचकून पुटपुटली.

"पोरांना मत नसतं," स्टो हसून म्हणाले. "ज्यांना मत नाही, त्यांना सभेत बोलता येत नाही. बस हो बाळ, डोनट खा."

सभाध्यक्ष मिसेस ऑर्डवेंनी चष्म्यावरून पाहिलं. "सभेनं परवानगी दिली तर येतं, हार्लन. पण तसं कुणीतरी मतदारानं सुचवावं लागेल."

कुणी बोलेना. स्टोंशी वाकडं घ्यायला कोण उठणार? माणसं आपल्या बुटांकडे बघू लागली. किती हे भित्रे, लिडीला वाटलं. तिला सगळ्यांचीच शिसारी आली.

मग अगदी मागून खुर्ची सरकली. "मी सुचवतो," लाइल बुशी म्हणाले. "पोरीला बोलू द्या."

सारं गाव मागे वळलं. तीस वर्षांत हा माणूस गावसभेत एक अक्षर बोलला नव्हता! मिसेस ऑर्डवेंनी मत घेतलं. हातच हात वर झाले.

ओटिस आणि ऑगी दारातून पाच नंबर घेऊन आत आले. त्यांनी बीन्सच्या भांड्यांमध्ये जागा केली, पडदा लावला, भिंतीतली इंटरनेटची वायर जोडली. आईनं लाल ठिपका ओळखला. तिनं तोंडावर हात ठेवला.

"हा आपल्या वाचनालयातला पाच नंबर," लिडी म्हणाली. "निकामी झालेला. ऑगी, घड्याळ!"

तिनं ठिपक्याशेजारचं बटण दाबलं. 

"अठ्ठेचाळीस सेकंद!" ऑगी ओरडला. पडद्यावर कॉलेजचं पान मोठ्या अक्षरांत उभं होतं.

"असे सहा चालतात," लिडी म्हणाली. "यांना फक्त हलकी सिस्टिम हवी होती, ती फुकट मिळते. तुम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्हाला हे डेपोत सापडले, डुकराच्या खाण्याच्या टबाखाली! आणि त्यातलं काहीही पुसलेलं नव्हतं. तुमचे अर्ज, तुमचे दवाखान्याचे कागद, सगळं जसंच्या तसं, कुणीही उचलून न्यावं असं!"

"काय?" "माझे कागद?" "उकिरड्यावर?" खोलीत एकदम गलका उसळला. मिसेस ऑर्डवेंनी हातोडा आपटला, पण त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता.

"आम्ही कुणाचं काही वाचलं नाही," लिडी म्हणाली. "पण एक नंबरवर एक फाइल अगदी मधोमध आहे, नाव दिसतंच. 'गुप्त – चषकांची खोली'. बारा जानेवारीची. ज्यांची असेल त्यांनी येऊन घेऊन जावी."

"ते माझं खासगी पत्र आहे!" स्टो ताडकन उठले. "खबरदार कुणी हात लावाल तर!"

आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं.

"हार्लन," मिसेस ऑर्डवे हळूच म्हणाल्या, "तज्ज्ञ फेब्रुवारीत आले. मग जानेवारीत चषकांची कुठली खोली?"

स्टोंचा चेहरा मफलरच्या रंगाचा झाला. क्लबला शब्द दिला होता म्हणे. संगणक जुनेच होते म्हणे. एवढ्या लांब शहरात कोण नेणार, म्हणून शुक्रवारी आपणच... म्हणे. पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही.

चौदाव्या ठरावाच्या बाजूनं एकच हात वर झाला आणि तोही अर्ध्यावरून खाली आला. खोली वाचनालयाकडेच राहिली. उरलेल्या पाच संगणकांतल्या फाइली ज्याच्या त्याला देऊन मग त्यांच्यावर उंदीर बसवायचं काम सभेनं तिघांकडे सोपवलं. दोन मेलेले संगणक स्टोंनी स्वतःच्या गाडीतून शहरात न्यायचे, असंही ठरलं. "आणि तो टब घासून द्यायचा!" ऑगी ओरडला. त्याला कुणी बोलायची परवानगी दिली नव्हती, तरी टाळ्या पडल्या.

"अशी पोरं आहेत तोवर या गावाला पंचांची गरज काय?" मिसेस ऑर्डवे म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः तिघांच्या ताटात डोनट वाढले.

संध्याकाळी सव्वापाचला आई वाचनालयात पाच नंबरवर बसली. लिडीनं काहीच शिकवलं नाही, फक्त शेजारी बसून राहिली. आईनं पट्टीवरचं चित्र शोधलं, पान उघडलं, अक्षरं मोठी केली आणि परीक्षा सुरू केली. साडेसातला तिनं शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'उत्तीर्ण'. एक दिवस हातात राखून!

आईनं लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, मग लिडीचं डोकं छातीशी ओढून धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

शनिवारी तिघं टब आणायला डेपोत गेली. तो इतका लख्ख घासलेला होता की ऑगीनं त्यातला पाक खायचं कबूल केलं. फाटकात लाइल बुशी उभे होते. त्यांनी लिडीला पाहिलं, हात पुढे केला आणि मग हातमोज्याकडे बघून अर्ध्यातच मागे घेऊ लागले. आज त्याला हिरवट तर होतंच, वर तपकिरीही काहीतरी लागलं होतं.

लिडीनं स्वतःचे हातमोजे काढले आणि त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.